मार खाणाऱ्याची बाजू

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात. त्याला रेल्वे आहे, वडे आहेत, आणि मुंबईची माणसं शनिवार-रविवार तिथं हिरवळ बघायला जातात. दुसरं आमचं. ते नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला वळण लागायला थोडा वेळ लागेल), आणि त्याला रेल्वे नाही. मी कर्जतचा म्हटलं की मुंबईकर डोळे बारीक करून "लोकल थेट जाते ना हो?" असं विचारतो, आणि मी "जाते की" म्हणून मोकळा होतो. उगाच एसटीचा मार्ग समजावत कोण बसणार! त्या कर्जतचं वैशिष्ट्य असं, की पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी तिथं मागून जादा इंजिनं जोडतात. मागं राहून ढकलायचं, हे त्या कर्जतचं काम. पुढं उभं राहून अंगावर घ्यायचं, हे आमच्या कर्जतचं. निदान माझं तरी. आणि या दुसऱ्या कामाची जी बेअब्रू माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर झाली, तिच्याविरुद्ध जाहीर तक्रार नोंदवण्यासाठी मी आज लिहायला बसलो आहे.

निमित्त घडलं ते मे महिन्यात. धाकट्या भावाची दोन मुलं, पुतण्या आणि पुतणी, पुण्याहून आठ दिवस राहायला आली. बरोबर पुतण्याचा एक दाढीवाला मित्र आणि पुतणीची एक मैत्रीण. कार्यक्रम भरगच्च होता. एक दिवस सिद्धटेकचा गणपती, एक दिवस राशीनची देवी, एक दिवस रेहेकुरीच्या अभयारण्यातली काळविटं. पहिल्याच दिवशी मंडळी भर दुपारी रेहेकुरीला गेली. काळविटांना मे महिना कळतो, त्यामुळं ती कुठंतरी सावलीला बसलेली. माणसांनाच तेवढा कळत नाही. भाजलेल्या वांग्यासारखी तोंडं करून पोरं परत आली, आणि दिवस मावळल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असा ठराव एकमतानं पास झाला. त्यात वीज गेली. तासाभरानं चौघांचे मोबाईल एकेक करून माना टाकू लागले. तेव्हा पुतण्यानं पिशवीतून एक बटवा काढला आणि सतरंजीवर उपडा केला.

आमच्या हिला वाटलं खडीसाखर. पण ते फासे होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे; आणि एक तर चक्क वीस बाजूंचा. सारीपाटावर एवढा फासा शकुनीला मिळता तर महाभारत सभापर्वातच आटोपलं असतं.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. मी मनातल्या मनात त्याचं 'भुयारं आणि अजगर' असं मराठीकरण केलं. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली छापला. छापला तो लेक जिनिव्हा नावाच्या गावात. जिनिव्हा म्हटलं की लोकांना स्वित्झर्लंड आठवतं, पण हे विस्कॉन्सिन राज्यातलं जिनिव्हा. म्हणजे गायगॅक्ससाहेबांनाही आयुष्यभर "लोकल थेट जाते ना हो?" असं कोणी ना कोणी विचारलं असणार. मला त्या माणसाविषयी तिथंच आपुलकी वाटली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती हजार. मराठी कवितासंग्रहाच्या असतात तेवढ्याच. फरक इतकाच की त्यांच्या संपल्या.

त्याआधी टेबलावर लढाया लावण्याचा शौक तिकडं होताच, पण त्यात एक बाहुली म्हणजे एक पलटण असे. या दोघांनी एक बाहुली म्हणजे एक माणूस केला, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही. बुद्धिबळात प्यादं मेलं की आपण "एक प्यादं गेलं" म्हणतो. इथं "मी गेलो" म्हणावं लागतं. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि निवाडाही देतो. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, मी अमुक करतो असं म्हणायचं, आणि ते साधलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. दशावतार, कीर्तन आणि जुगार यांचा हा संगम माझ्यासारख्या माणसाला न आवडता तरच नवल.

दाढीवाला सूत्रधार झाला. पुतण्यानं जादूगार घेतला. पुतणीनं चोर, म्हणजे मागून येऊन सुरा खुपसणारी. मैत्रिणीनं धनुर्धारी. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. लहानपणापासून ही नजर माझ्या ओळखीची आहे. बॅट एकाची, बॉल दुसऱ्याचा, आणि जो उरला त्याला ग्लोव्हजशिवाय विकेटकीपर. लिंबूटिंबूची एक वतनदारीच असते.

"काका, तुम्ही टँक व्हा," पुतण्या म्हणाला.

आमच्या तालुक्यात टँक म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढं येते, आणि तिच्यामागं हंड्यांची रांग असते. मी तसं म्हणालोही. पोरं हसली. मग कळलं ते असं, की टोळीत सगळ्यांच्या पुढं जो चिलखत घालून ढाल धरून उभा राहतो आणि दुसऱ्यांचे वार स्वतःवर घेतो, त्याला या खेळाच्या भाषेत टँक म्हणतात. २००८ सालच्या आवृत्तीत या कामाला 'डिफेंडर' असं रीतसर नावच दिलं होतं. पुढच्या आवृत्तीत ते काढून टाकलं. काम तेवढं राहिलं. आपल्याकडं यापेक्षा चांगले शब्द होते. फौजेच्या आघाडीला आपण बिनी म्हणत होतो. बिनीवाले हे आडनावच आहे. ढाल धरणाऱ्याला ढालाईत म्हणत. मी माझ्या सोंगाचं नाव धोंडोजी ढालाईत असं ठेवलं. ढाल गेंड्याच्या कातड्याची असावी अशी अट घातली. पोरांना ती थट्टा वाटली, पण आपल्याकडं गेंड्याच्या कातड्याच्या ढाली खरोखरच असत आणि त्यांना मोठी किंमत होती. गेंड्याची कातडी हा शब्दप्रयोग आपण आज शिवीसारखा वापरतो. ज्यांच्या पाठीमागं उभं राहून आपले पूर्वज वाचले, त्यांची ही परतफेड.

आता थोडं गणित सांगतो, कारण माझी सगळी तक्रार त्या गणितावर उभी आहे. या खेळात प्रत्येकाला प्राण असतात. माणसाला पंचप्राण असतात असं मी ऐकून होतो. मला बारा मिळाले, पुतण्याच्या जादूगाराला सात. प्रत्येकाला कवचाचा एक आकडा असतो. साखळ्यांचं चिलखत सोळा, त्यात ढाल दोन, म्हणून माझा आकडा अठरा. जादूगाराच्या अंगावर झगा, त्याचा आकडा बारा. समोर गॉब्लिन, म्हणजे हिरवट, बुटके, अत्यंत पाजी राक्षस. त्यांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात चार मिळवायचे, आणि बेरीज तुमच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर वार लागला. म्हणजे माझ्यावर वार लागायला फाशावर चौदा किंवा जास्त पडावे लागतात. वीसपैकी सात बाजू. जादूगारावर आठ पडले तरी भागतं. वीसपैकी तेरा बाजू. माझ्यावर टाकलेले वीसपैकी तेरा वार फुकट जाणार, आणि त्याच्यावर टाकलेले वीसपैकी तेरा लागणार. असा चोख व्यवहार माझ्या आयुष्यात दुसरा झालेला नाही.

या आकड्यांच्या जोरावर मी पहिल्या दिवशी उघड्या माळावर छाती काढून उभा राहिलो. "मी ढाल वर करतो आणि वार चुकवण्याच्या पवित्र्यात उभा राहतो," असं जाहीर केलं. चार गॉब्लिन आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते दोघे इकडून आणि दोघे तिकडून, माझ्या तलवारीच्या टप्प्याबाहेरून, सरळ वळसा घालून गेले आणि त्यांनी जादूगाराला आडवा केला. मी पवित्र्यात उभाच. रस्त्याच्या मधोमध गाय बसावी, दोन्हीकडून वाहनं निघून जावीत आणि गायीला वाटावं की वाहतूक आपण रोखून धरली आहे, तसा.

पुतण्याला कशीबशी औषधाची बाटली पाजून शुद्धीवर आणला. शुद्धीवर येताच तो खवळला. दोन चकमकी झाल्यावर त्यानं वही काढली. प्रत्येकानं शत्रूचं किती नुकसान केलं याची नोंद त्यात होती. चोर एकवीस. धनुर्धारी पंधरा. जादूगार चौदा. काका चार.

"काका, तुम्ही नक्की करता काय? नुसते उभे राहता. चार डॅमेज!"

मी चाळीस वर्षं एका कचेरीच्या खिडकीत बसलो. कोणत्या कचेरीच्या ते विचारू नका. सगळ्या कचेऱ्यांच्या खिडक्या सारख्याच असतात. मी कोणाचं नुकसान केलं नाही हीच माझी आजवरची पुंजी. ती या पोरानं एका ओळीत दोष म्हणून मांडून दाखवली.

आता वादाला सुरुवात करतो. पण वाद प्रामाणिकपणे करायचा तर आधी पोरांचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे. नुसतं जाडजूड चिलखत घालून माळावर उभं राहणं याला बचाव म्हणत नाहीत. शत्रूला डोळे असतात. जो वार करत नाही आणि वाटही अडवत नाही, त्याला शत्रू वळसा घालतो, आणि शहाणा असेल तर रामराम घालून वळसा घालतो. शेतात पाणी अडवायचं तर बांध उतारावर आडवा घालावा लागतो. सपाटीच्या मध्यभागी चार दगड रचून "पाणी का थांबत नाही" म्हणून पावसाला शिव्या देण्यात अर्थ नसतो. धोंडोजी ढालाईतांनी पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं होतं. त्याबद्दल त्यांना जो बोल लागला तो रास्त होता.

पण म्हणून ढालच निरुपयोगी? ही उडी मला मान्य नाही. १६६० सालच्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभू थांबले ते माळावर थांबले नाहीत, घोडखिंडीत थांबले. सिद्दी मसूदच्या फौजेला वळसा घालायला जागाच ठेवली नाही. परंपरा तीनशे मावळे सांगते. पण त्या दिवशी बाजींनी स्वतः किती गनीम मारले, हा आकडा शाळेत कोणी कोणाला पाठ करायला लावल्याचं ऐकलंय? लावत नाहीत. सगळ्यांना आठवतात ते तोफांचे आवाज. तोफा झाल्या की नाही, एवढाच त्या लढाईचा हिशेब. माझ्या पुतण्यानं तिथं वही घेऊन बसायचं मनात आणलं असतं, तर त्यानं संध्याकाळी बाजीप्रभूंच्या नावापुढं काहीतरी आकडा लिहून "रायबाने यापेक्षा जास्त केले असते" असा शेरा मारला असता.

मी हे बोलून दाखवलं. पुतण्या इंजिनियर आहे, तो असा हार मानणारा नाही. "काका, मेलेला शत्रू मारत नाही. म्हणून जितकं लवकर मारू तितका बचाव आपोआप होतो. ॲटॅक इज द बेस्ट डिफेन्स." हे वाक्य मी क्रिकेटच्या समालोचनात ऐकलंय, निवडणुकीच्या सभेत ऐकलंय, आणि शेअरबाजारात हात पोळलेल्या एका मेहुण्याच्या तोंडूनही ऐकलंय. ऐकायला झकास वाक्य आहे. त्यात एकच खोट आहे: तुमचा फासा बरा पडेल असं ते गृहीत धरतं. जादूगाराकडं मोठे मंत्र दिवसाला मोजून दोन. ते दोन्ही वाया गेले की उरतो एक झगा घातलेला, सात प्राणांचा मुलगा. मग पुढची फेरी कोणाच्या जिवावर काढायची? तुमचा वार हुकला त्या फेरीची किंमत कोणीतरी मोजतोच. जो मोजतो त्याचं नाव वहीत नसतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी खिंड शोधली. गुहेचं तोंड होतं. जेमतेम दोन माणसं शेजारी मावतील एवढं. मी पुढं उभा राहिलो आणि जादूगाराला हाताच्या अंतरावर मागं ठेवला. "लांब जाऊ नकोस," असं दटावलं. कारण रात्री कंदिलाच्या उजेडात मी नियमांचं पुस्तक वाचून काढलं होतं. २०१४ सालच्या त्या पुस्तकात ढालवाल्यासाठी एक कसब दिलंय: पाच फुटांच्या आतल्या सोबत्यावर कोणी वार केला, तर ढाल आडवी घालता येते. मग शत्रूला फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला लहान आकडा धरावा लागतो. फेरीत एकदाच, पण तेवढ्यानंही किती फरक पडतो पाहा. जादूगारावर शंभरात पासष्ट वार लागायचे, ते बेचाळीसवर येतात. या तेवीस वारांचं काय झालं? ते हवेत गेले. त्यांचा आवाज नाही, रक्त नाही, टाळी नाही. जे झालंच नाही ते दाखवायचं कसं, ही आमच्या धंद्याची मूळ अडचण आहे.

त्या दिवशी फासे माझ्या बाजूचे होते. माझ्यावर अकरा वार आले, दोन लागले. माझे दोन प्राण उरले, पण मागचा एकही जण पडला नाही. गॉब्लिन सगळे गारद. मी विजयी मुद्रेनं वहीकडं पाहिलं. चोर एकोणीस. जादूगार अठरा. धनुर्धारी बारा. काका पाच.

"कालच्यापेक्षा एक जास्त," पुतणी म्हणाली. पोरगी मनानं चांगली आहे.

इथं मला क्रिकेटकडं वळणं भाग आहे. पुण्यात वाढलेला चेतन चौहान. चाळीस कसोट्या, दोन हजार चौऱ्याऐंशी धावा, आणि शतक एकही नाही. शतक नाही म्हणून लोक त्याच्यावर आजतागायत हसतात. १९७९ साली ओव्हलवर चारशे अडतीस धावांचा डोंगर समोर होता. गावसकरनं दोनशे एकवीस केल्या, आपण आठ बाद चारशे एकोणतीसपर्यंत गेलो. नऊ धावा कमी पडल्या. ती खेळी तेव्हापासून घरोघर सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण पहिल्या विकेटसाठी दोनशे तेरा झाल्या, तेव्हा पलीकडच्या टोकाला चौहान उभा होता. त्याच्या ऐंशी. त्या ऐंशींपेक्षाही, त्या टोकाला तेवढा वेळ कोणी बाद झालं नाही ही गोष्ट मोठी होती. पण धावफलकावर 'बाद झाला नाही तेवढा वेळ' असा रकाना नसतो. आणि एकनाथ सोलकर? हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटखाली म्हणावं इतक्या जवळ. सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल. झेल तरी मोजता आले. पण तो तिथं उभा आहे या धास्तीनं जे फलंदाज बॅट पुढं काढताना चाचरले, त्यांच्या विकेटी बेदी-प्रसन्नांच्या खात्यावर.

कबड्डीवाले मात्र सुधारले, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या वेळी चढाईला जाणाऱ्याचं नाव गावभर व्हायचं, आणि कोपऱ्यातून घोटा धरणाऱ्याच्या नावावर फक्त सोललेले गुडघे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत, तिघं किंवा त्याहून कमी जण मैदानात उरले असताना पकड केली तर दोन गुण देतात. म्हणजे मनात आणलं तर मोजता येतं. मी हे मांडताच दाढीवाला सूत्रधार विचारात पडला. पुतण्या पडला नाही.

आणि लांब कशाला जा. कामिका एकादशीला आमच्या ग्रामदैवताचा, गोदड महाराजांचा, रथ निघतो. (या नावात मला नेहमी गोधडी ऐकू येते, मग आमच्या गावच्या माणसानं पांघरूण व्हायचं नाही तर काय व्हायचं?) कुठल्याही गावचा रथ पाहा. दोराला हात लावायला हजार जण धडपडतात. फोटो त्यांचे निघतात. चाकाशी लाकडाचा ठोकळा घेऊन वाकलेला एक माणूस असतो. रथ कलू लागला, उताराला लागला, की ठोकळा चाकाखाली सारायचा आणि बोटं वेळेवर काढून घ्यायची. त्याच्याकडं कोणी बघत नाही. त्यानं एकदा चूक केली तर मात्र सगळे बघतील.

चौथ्या दिवशी मी एवढं सगळं जेवताना सांगितलं. आमची ही वाढत होती. तिनं विचारलं, "अहो, पण त्या खेळात तुम्ही करता काय?"

"सगळ्यांच्या पुढं उभा राहतो. जो येईल त्याला अंगावर घेतो."

"कोण? तुम्ही?" तिनं आमटीचा डाव खाली ठेवला. "वर्गणीवाले आले की मागच्या दारानं जाता ते?"

पोरं ठसका लागेपर्यंत हसली. मी पण हसलो, कारण हसण्याशिवाय दुसरा पवित्रा शिल्लक नव्हता. वर्गणीवाले, विमावाले, लग्न जमवणारे, उसनं मागणारे, माझ्यावर रागावून आलेले नातेवाईक, सगळ्यांना आमच्या उंबऱ्यावर चाळीस वर्षं कोण सामोरं गेलं, याची नोंद माझ्याही वहीत नव्हती. "ते घरात नाहीत" या वाक्याची ढाल गेंड्याच्या कातड्यापेक्षा कणखर असते. आणि खेळाच्या त्या चार दिवसांत चहा किती वेळा झाला, हेही कोणी मोजलं नव्हतं. मी बिनीचा म्हणवत होतो. माझ्या पुढं आणखी एक बिनी होती.

वहीचं निघालंच आहे तर आणखी एका वहीचं सांगतो. वडील शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. डावी बाजू गेलेली, पण उजवा हात आणि हिशेबाची सवय शाबूत. उशाशी एक वही असे. धाकटा पुण्याहून दरमहा पैसे पाठवायचा, कधी चुकला नाही. वडील तारीख घालून लिहायचे: 'चिरंजीवांकडून आले रुपये इतके.' पानामागून पानं. ते गेल्यावर मी ती वही चाळली. माझं नाव एकदाच सापडलं. 'थोरल्यास किराणा आणण्यास दिले रु. ४०.' त्यांना रात्री कुशीवर वळवणं, आंघोळ, औषधं, चिडचिड, आणि पहाटे तीनला "कोण आहे रे?" या हाकेला "मी आहे" म्हणणं, याला रकाना नव्हता. वडिलांचा दोष नाही. आवक-जावक लिहायला त्यांनीच मला शिकवलं होतं. जे आलं ते आवक आणि जे गेलं ते जावक; जो जागचा हलला नाही त्याला कुठं लिहिणार?

रविवारी भाऊ मुलांना न्यायला आला. माझा भाऊ सज्जन माणूस आहे. येताना तुझ्या वहिनीला साडी, मला शर्टाचं कापड, सगळं आठवणीनं आणतो. ओट्यावर पाय पसरून, घराच्या जुन्या तुळयांकडं पाहत तो मनापासून म्हणाला, "दादा, खरं सांगू? तू नशीबवान. निवांत राहिलास. तुला काही करावं लागलं नाही."

माझ्या तोंडाशी खिंड, ओव्हल, रथाचं चाक, सगळं एकदम आलं. आतून भांडं जरा जोरात आदळल्याचा आवाज आला; म्हणजे हिनंही ऐकलं होतं. पण त्याचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत हे मला तेव्हाच दिसलं. पुण्यात त्याच्या पुढं तरी कोण उभं राहिलं होतं? मी म्हटलं, "चहा घेणार का सरबत?"

तेवढ्यात पोरांनी त्याला खेळात ओढलं. बस तीनची होती, अजून दीड तास होता. "बाबा, तुम्ही काय घेणार?" क्षणभरही विचार न करता तो म्हणाला, "जादूगार." मला ते अपेक्षितच होतं. पुतण्यानं वडिलांसाठी आपली जागा सोडली आणि वही घेऊन तो बाजूला बसला. सूत्रधारानं गोष्ट पुढं चालवली. गुहेच्या आत पूल, पुलाच्या पलीकडून दोन गॉब्लिन धावत येताहेत. रात्रभर विश्रांती झाल्यामुळं माझे बाराही प्राण जागेवर होते. मी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वळसा घालायला जागा नव्हती. मी स्वतः निवडलेली जागा होती ती.

"तू माझ्या मागं उभा राहा," मी भावाला म्हटलं. "हाताच्या अंतरावर. बाकी मी बघतो."

तो उभा राहिला. मग त्यानं मंत्रांची यादी वरून खाली वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा जो दोन्ही हात पुढं करून आगीचा लोट सोडायचा मंत्र आहे, तो किती लांब जातो?"

"पंधरा फूट, काका," दाढीवाला म्हणाला. "तुमच्या समोर जे जे असेल त्या सगळ्यांना."

"मग सोडतो."

"पण समोर पहिले मोठे काका आहेत..." पुतणी सांगू लागली. तोवर त्यानं तीन फासे टाकलेही होते. बेरीज अकरा. दोन्ही गॉब्लिन जागच्या जागी कोळसा झाले. मी अंग चोरायला वीस बाजूंचा फासा टाकला, तीन पडले. माझा एक प्राण उरला.

"बघ दादा! एका फटक्यात!" भाऊ लहानपणी गोटी जिंकल्यावर ओरडायचा तसाच ओरडला. आतून ही बाहेर आली, तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता सरबताचे पेले खाली ठेवले.

पुतण्यानं वहीत वडिलांच्या नावापुढं आकडा मांडला. तेहतीस. आठ दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा. त्यातले अकरा माझे होते.